खुरापासून वर

घोड्याचा खूर महिन्याभरात करंगळीच्या नखाएवढा वाढतो. वाढ वरून सुरू होते, केसांची कड संपते तिथून, आणि हळूहळू जमिनीकडे सरकते. खाणं बदललं, आजारपण आलं, ऋतू पालटला की त्या वाढीत एक बारीक वळी उठते. निरोगी खुरावर या वळ्या एकमेकींना समांतर असतात, वहीतल्या रेघांसारख्या. चिमणी या घोडीच्या पुढच्या दोन्ही खुरांवर त्या तशा नव्हत्या. पुढच्या बाजूला त्या दाटीवाटीनं एकमेकींना चिकटल्या होत्या आणि टाचेकडे जाता जाता पंख्यासारख्या फाकल्या होत्या. सगळ्यांत वरची वळी नवी होती. मागच्या खेपेला ती नव्हती.

तबेल्यातल्या बुटक्या स्टुलावर बसून चित्रकार बाई त्या नव्या वळीकडे बघत होती. मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात कोळशाची कांडी. कागद अजून कोरा होता.

"काय रंगारीणबाई," बाहेरून दादाचा आवाज आला, "सकाळपासून कामाला हात लागलेला दिसत नाही. भिंत ओली आहे का?"

"तुझी ऐरण तरी कुठे वाजतेय?"

"माझं लोखंड तापतंय. तुझं काय तापतंय?"

ती हसली. तीस वर्षं ती घोड्यांची चित्रं काढत होती, आणि तीस वर्षं दादा तिला रंगारीण म्हणत होता. भिंत रंगवणाऱ्यात आणि घोडा रंगवणाऱ्यात त्याच्या लेखी फरक एवढाच, की भिंत रंगवणारा काम वेळेत संपवतो. स्वतः तो नालबंद. वडील नालबंद होते, त्यांची ऐरण, भाता आणि कंबरदुखी, तिन्ही त्याच्याकडे आली होती. आता गावात घोडे राहिले नव्हते, म्हणून तो फाटकांच्या कड्या, नांगराचे फाळ, क्वचित एखाद्याच्या बाल्कनीचे गज करायचा. पण दारावरची 'नालबंद' ही पाटी त्यानं काढली नव्हती. विचारलं की म्हणायचा, "पाटी काढायला शिडी लागते, आणि शिडीवर चढायला कारण."

चिमणीनं अंग हललं न हललं असं केलं. तिचे पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले होते आणि सगळा भार मागच्या पायांवर होता. तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलेलं माणूस बोटं उचलून टाचांवर रेलतं, तशी ती उभी होती. अठ्ठावीस वर्षांची तांबूस घोडी, डोळ्यांवरच्या खोबणी खोल गेलेल्या, तोंडावर पांढरं. चिमणी हे नाव ती शिंगरू असताना पडलं होतं. पुढे ती चांगली थोराड झाली, पण नाव कोणी मोठं केलं नाही.

खुराच्या आत, खुराच्याच आकाराचं एक लहान हाड असतं. ते कुठल्या खिळ्यानं बसवलेलं नसतं. दोन वह्यांची पानं एकमेकींत घालून दाबावीत, तशा पातळ चुण्या हाडाला आणि खुराच्या बाहेरच्या भिंतीला धरून ठेवतात. त्या सुटू लागल्या की घोड्याच्या वजनाखाली हाड कलतं, आणि मग जनावर आपल्याच हाडाच्या टोकावर उभं असतं. हे सगळं हिवाळ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून समजावलं होतं. आकृती बेताचीच होती, पण तिला ती विसरता आली नव्हती.

"औषधानं दुखणं कमी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "हाड जागेवर यायचं नाही. एका इंजेक्शनात ती शांतपणे सुटेल. कधी ते तुम्ही ठरवा, मी येईन. फक्त फार लांबवू नका. तिला सांगता येत नाही, आपल्याला येतं."

"पुढच्या खेपेला ठरवू," ती म्हणाली होती.

पुढची खेप आली, तेव्हा चिमणीनं तिच्या हातातलं गाजर खाल्लं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला ती दारापर्यंत चालत आली होती. त्यानंतर पाऊस होता. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच.

ठरवायचं तिनंच होतं, याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. वडिलांच्या वेळेपासून या घरात एक रीत होती. दावणीला येणाऱ्या प्रत्येक जनावराचा दोर घरातल्या एकेकाच्या हातात दिला जाई. मग त्या जनावराला नाल कधी मारायचा, कोणाच्या गाडीला द्यायचं, विकायचं की ठेवायचं, हे तोच सांगणार. शेवटचा शब्दही त्याचाच. इतरांनी मदत करायची, खायला घालायचं, लीद उचलायची, पण शब्द काढायचा नाही. नुसतं सुचवणंसुद्धा दोर हिसकावण्यासारखं धरलं जाई. दादाच्या लहानपणी त्याच्या हातात एका आंधळ्या खेचराचा दोर होता, आणि ते कुंपण पाडून शेजारच्या शेतात गेलं तरी वडिलांनी खेचराला बांधलं नव्हतं. नुसतं दादाला शोधून आणलं होतं.

चिमणी जन्मली तेव्हा ती शहरात राहायला जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावी येणं कमी कमी होत चाललं होतं. अशाच एका खेपेला वडिलांनी ओलसर, लटपटत्या शिंगराच्या गळ्यात दोर घातला आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं.

"मी इथे असते कुठे?" ती म्हणाली होती.

"म्हणूनच," वडील म्हणाले होते.

त्यामुळे दादा तिला कधीच 'आता पुरे' म्हणाला नव्हता. वहिनीही नाही. ती दोघं फोनवर फक्त बातमी द्यायची. आज खाल्लं. आज निम्मंच खाल्लं. आज पहाटे आडवी होती, उठायला दोघं लागलो. बातमी सांगून झाली की गप्प बसायची. त्या गप्प बसण्याला ती तितकीच घाबरू लागली होती, जितकी डॉक्टरीणबाईंच्या आकृतीला.

तिची भीती साधी होती, पण ती तिनं कोणाला सांगितली नव्हती. चिमणी जन्मल्यापासून तिनं काढलेला प्रत्येक घोडा, पांढरा असो, काळा असो, टेकडीवर उधळलेला असो, नाही तर पाण्यात मान घालून उभा असो, आतून चिमणी होता. रंग कातडीचा असतो, उभं राहणं हाडांचं असतं, आणि हाडं तिला एकाच घोडीची पाठ होती. ही दावण रिकामी झाली, तर कोऱ्या कागदावर कोण येऊन उभं राहणार?

"वन्सं," वहिनी चहाचे पेले घेऊन आली, "ती मुलगी आली. तुमच्या दालनातली. फाटकाशी उभी आहे, कुत्रा आहे का विचारतेय."

"आहे म्हणावं," बाहेरून दादा म्हणाला. "ऐरणीवर काम करतो."

*

मुलगी कलादालनातून आली होती. ज्या प्रदर्शनासाठी तिची जुनी-नवी सगळी चित्रं एकत्र मांडली जाणार होती, त्याच्या पुस्तिकेचं काम या मुलीकडे होतं. पंचविशीची, गळ्यात कॅमेरा, पायात शहरी पांढरे बूट. ते बूट बघून वहिनीनं तिला आपल्या रबरी सपाता आणून दिल्या.

"मॅडम, मी तुमच्या सगळ्या मुलाखती वाचल्या," मुलगी उलट्या घातलेल्या बादलीवर बसत म्हणाली. "प्रेरणा काय, या प्रश्नाला तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलंय. एकदा प्रकाश, एकदा स्वातंत्र्य, एकदा वेग."

"आणि एकदा माझा चहा असेल," वहिनी म्हणाली.

"वेग?" दादा आत डोकावला. "अहो, ही घोड्यावर बसली की डोळे मिटून आयाळ धरायची. घोडा उभा असताना!"

मुलगी हसली, आणि तिला धीर आला. "बरं, मग दुसरं विचारते. तुमच्या सुरुवातीच्या चित्रांत घोड्यांना कान नाहीत. कागदाच्या वरच्या कडेला डोकं कापलं जातं. एका समीक्षकांनी त्यावर पाच पानं लिहिली आहेत. जे ऐकत नाहीत असे घोडे, मौनाचं रूप वगैरे."

दादा आणि ती एकमेकांकडे बघू लागली. मग दादानं हातातली सांडशी खाली ठेवली, कारण हसताना ती पायावर पडली असती.

"कागद संपायचा हो!" तो म्हणाला. "कागद संपायचा! ही खालून सुरुवात करते. आधी खूर, मग पाय, मग पोट, असं घर बांधल्यासारखं. मानेपर्यंत पोचली की कागदाला छप्पर."

"खरंच?" मुलीनं तिला विचारलं.

"अजूनही तसंच काढते," ती म्हणाली. "फक्त आता मोठा कागद परवडतो. तरी कधी कधी कान जातातच."

"पण खालून का? सगळे डोक्यापासून सुरू करतात. डोळ्यापासून."

ती उठली आणि मुलीला भात्याच्या शेडमध्ये घेऊन गेली. ऐरणीच्या बाजूला जमिनीत एक सपाट फिकट फरशी बसवलेली होती, टेबलाएवढी, मधोमध झिजून थोडी खोलगट झालेली. तिच्यावर धूळ होती. तिनं पायानं ती बाजूला केली.

"घोडा आणला की त्याचा एकेक पाय या फरशीवर टेकवायचा आणि भोवती कोळशानं रेघ ओढायची. मग घोडा बाजूला न्यायचा. वडील तापलेला नाल त्या रेघेला लावून बघायचे, पुन्हा ठोकायचे, पुन्हा लावायचे. दर वेळी घोड्याचा पाय उचलायला नको. वडिलांची कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला वेळ घ्यायची, म्हणून रेघ ओढायचं काम माझं."

"किती वर्षांच्या होता?"

"दुधाचे दात पडत होते. वडील म्हणायचे, रेघ चुकली तर नाल चुकेल, नाल चुकला तर जनावर लंगडेल. चुकीचं चित्र म्हणजे लंगडा घोडा. मला तेव्हा वाटायचं, सगळीच चित्रं अशी असतात. शाळेत फूल काढायला सांगितलं तर मी घाबरून जायचे, की हे चुकलं तर काय लंगडेल?"

मुलगी लिहीत होती. "आणि मग घोडा?"

"घोडा निघून जायचा, चार खूर राहायचे. उरलेल्या वेळात मी त्यांच्यावर पाय चढवायचे, मग पोट. फरशी संपली की संपलं." ती फरशीपाशी उकिडवी बसली. "आता इथे बस जरा माझ्यासारखी. हां. समोर काय दिसतं?"

"फाटक. रस्ता. पलीकडचं शेत."

"मध्ये घोडा उभा आहे असं समज."

मुलीनं थोडा वेळ बघितलं. मग ती हळूच म्हणाली, "चार पायांच्या मधून शेत दिसेल. आभाळ पोटाला टेकलेलं." आणि एकदम, "म्हणून तुमच्या शेतांचं क्षितिज इतकं खाली असतं! मी त्यावर एक परिच्छेद लिहिलाय, मातीची ओढ म्हणून."

"राहू दे तो," ती म्हणाली. "मातीवर बसायचेच मी. ओढ असेलही."

"तर प्रेरणा या प्रश्नाचं उत्तर काय लिहू?"

"फरशी लिहा," दादा म्हणाला. "आणि खाली लिहा, फरशी दाखवायला पैसे पडतील."

*

पुस्तिकेसाठी मुलीला तबेल्यातली भिंत हवी होती. लाकडी फळ्यांच्या त्या भिंतीवर चिमणीची चित्रं होती. दर खेपेला इथे बसून पहिलं जे चित्र काढायचं, ते शहरात न्यायचं नाही, इथेच नालाच्या खिळ्यानं ठोकून ठेवायचं, असा तिचा नेम होता. वडील असताना तेच खिळा निवडून द्यायचे. पहिली चित्रं दाराशी होती, कागद पिवळा पडलेला, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. शेवटची गव्हाणीजवळ.

मुलीनं भिंतीचे फोटो काढले. मग चिमणीपाशी गेली, थोडं अंतर राखून. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, बाजूला केला, पुन्हा भिंतीकडे बघितलं.

"मॅडम, या शेवटच्या चित्रांतली घोडी बाहेर चरायला गेलीय का? तिलाही फोटोत घेऊ या." मग चिमणीकडे मान करून तिनं विचारलं, "आणि ही तिची आई ना?"

शेडमधला हातोडा थांबला.

वहिनी गव्हाणीत गवत टाकत होती. तिचे हात तसेच राहिले. तेव्हा मुलीला कळलं की आपण काही तरी चुकीचं बोललो. "सॉरी," मुलगी म्हणाली. "मला वाटलं..."

"तुला बरोबर वाटलं," ती म्हणाली.

ती दाराशी गेली आणि पहिल्या चित्रापासून बघत निघाली, एखाद्यानं दुसऱ्याचं काम तपासावं तसं. शिंगरू, सगळेच पाय, अंग नावाला. दोन वर्षांची, मान उंच, अर्थातच कान नाहीत. गाडीला जुंपू लागले ते वर्ष, छाती भरलेली. पुढे पाठ किंचित खोल. डोळ्यांवर खोबणी. एका चित्रात मागचा डावा पाय सुजलेला होता, आणि ती सूज तिनं नीट छटा देऊन काढली होती. तोवर तिनं चिमणीला काही सूट दिली नव्हती. वय वाढत होतं, कागदावरही वाढत होतं.

हिवाळ्यापाशी ती थांबली.

त्यानंतरच्या सगळ्या चित्रांत चिमणी चारही पायांवर नीट उभी होती. पुढचे पाय बरोबर खांद्याखाली, ओळंबा सोडावा तसे. खूर जमिनीवर सपाट. खुरावरच्या वळ्या समांतर. मागच्या खेपेचं चित्र तर असं होतं, की घोडी आता चालायला लागेल. ती नव्या वळीपासून सकाळभर नजर काढू शकली नव्हती, आणि इथे भिंतीवर वळ्या होत्या त्या वहीतल्या रेघांसारख्या.

खोटं काढायचं असं तिनं एकदाही ठरवलं नव्हतं. ती समोर बसून, बघून बघून काढत होती. पण तिचे डोळे आणि हात यांच्या मध्ये कुठे तरी नालबंदाच्या घरातलं पोर बसलेलं होतं. कललेला खूर दिसला की तो सरळ करायचा, हे त्या पोराच्या हाडात होतं. वडील कानस घेऊन टाच उतरवत, पुढचं टोक तासत, जनावराला पुन्हा चार पायांवर समतोल उभं करत. तिनं तेच केलं होतं, कोळशानं. दर खेपेला घोडीला कागदावर दुरुस्त केलं होतं, आणि ती बरी दिसते असं समजून परतीची गाडी धरली होती. दुसऱ्या कोणा चित्रकाराच्या हातून ही चूक झाली नसती. त्याला कललेला खूर दिसलाच नसता, किंवा दिसला तसा त्यानं काढला असता.

"दादा," ती म्हणाली.

दादा दारात उभा होता, हात फडक्याला पुसत. "काय?"

"तुला दिसलं होतं हे?"

"मी काय चित्रातला जाणकार?"

"दादा."

त्यानं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. "दिसलं होतं. हिला माझ्याआधी दिसलं."

"मला वाटलं, वन्संना आठवणीतली चिमणी काढायची असेल," वहिनी गवताकडे बघत म्हणाली. "समोर बसून आठवणीतलं काढू नये, असं थोडंच आहे?"

"मग बोलला का नाहीत कोणी?"

"काय बोलणार?" दादा म्हणाला. "की रेघ चुकली? मग तू विचारणार, कशी असायला हवी होती? आणि ते सांगितलं, की झालाच शब्द काढून. दोर तुझा आहे, बये." बये म्हणून तो तिला पुष्कळ वर्षांत बोलला नव्हता.

मुलगी कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत उभी होती. "मी बाहेर थांबू का?"

"नको, बस," ती म्हणाली. "फक्त फोटो नको काढूस आता."

ती पुन्हा स्टुलावर बसली. फळी मांडीवर घेतली. चिमणीनं एक पाय उचलला, जरा धरला, आणि परत तिथेच ठेवला, सावकाश, जणू खाली काय आहे ते तिला ठाऊक होतं आणि तरी ठेवणं भाग होतं.

तिनं खुरापासून सुरुवात केली.

पहिली रेघ ओढतानाच हात आत वळू लागला. पाय खांद्याखाली आणायला निघालेला हात तिनं थांबवला, पुसलं, पुन्हा ओढली. पुढे. आणखी पुढे. पाय तिथे नव्हता, जिथे पाय असायला हवा होता. तो होता तिथे काढायचा होता. मग वळ्या. पुढच्या टोकाशी चिकटलेल्या, टाचेकडे फाकलेल्या, एकेक करून, सगळ्यांत वरची नवी धरून. त्या काढताना तिला डॉक्टरीणबाईंची आकृती आठवली आणि खुराच्या भिंतीच्या आत कललेलं हाडही दिसलं. ते तिनं काढलं नाही, पण बाहेरची रेघ त्या हाडावर बेतली. मागचे पाय पोटाखाली ओढलेले, गुडघे वाकलेले. पोटाचे स्नायू दोरीसारखे ताठ. एवढं सगळं तिला माहीत होतं, तिनं बघितलं होतं, आणि यातलं काहीच भिंतीवर नव्हतं.

तबेल्यात फक्त कोळशाची खरखर ऐकू येत होती. मुलगी बादलीवर हनुवटी तळव्यांत धरून बसली होती. दादा दाराच्या चौकटीला टेकला होता. ऐरणीपाशी लोखंड गार होत असणार, पण तो हलला नाही.

पाठ काढताना तिच्या लक्षात आलं, की आपण कागदाच्या वरच्या कडेकडे बघत नाही आहोत. एरवी पाठीपर्यंत पोचलं की तिला मनात हिशेब करावा लागे, मान मावेल का, डोकं कुठे वळवू. आज मान वर गेलीच नाही. ती खांद्यापासून खाली उतरली आणि डोकं गुडघ्यांच्या उंचीवर येऊन थांबलं. कागदाची वरची बाजू रिकामी राहिली, चांगली वीतभर. डोळा काढून झाला. कपाळावरचं पांढरं सोडून झालं. मग तिनं दोन कान काढले, बाजूला पडलेले, पूर्ण, टोकांसकट.

दादा तिच्या पाठीमागे येऊन उभा राहिला. 

"कागद पुरला," तो म्हणाला.

"हो."

मुलीनं मान उंच करून चित्र बघितलं. मग समोर चिमणीकडे बघितलं. 

कोरा कागद, कोण येऊन उभं राहणार, ही भीती तशीच होती. ती कुठे गेली नव्हती. पण तिला आता दिसत होतं, की गेल्या काही खेपांत ज्या घोडीवाचून आपलं अडेल असं तिला वाटत होतं, ती घोडी तिच्यासमोर नव्हतीच. भिंतीवर होती, नीट उभी, कशाचीच गरज नसलेली. आणि इथे ही होती, आपल्याच हाडाच्या टोकावर, तिच्या शब्दाची वाट बघत. वाट बघणं तिला कळत नसेल. दुखणं कळत होतं.

तिनं चित्र फळीवरून काढलं. वहिनीनं खिडकीतल्या डब्यातून नालाचा एक खिळा काढून दिला. मागच्या खेपेच्या चित्राशेजारी तिनं तो दगडानं ठोकला, वाकडा गेला तरी तसाच ठेवला.

खुंटीवर दोर लटकत होता. चिमणीला बांधायची गरज संपून कितीतरी काळ लोटला होता, त्यामुळे दोरावर धूळ बसली होती आणि पीळ कडक झाला होता. तिनं तो खाली काढला, झटकला, आणि चिमणीच्या गळ्याभोवती सैल घातला, घट्ट होऊ नये म्हणून मध्ये दोन बोटं ठेवून, वडील घालायचे तसा. चिमणीनं नाक तिच्या बाहीला लावलं. बाहीवर कोळसा होता, तो नाकाला लागला.

दोराचं दुसरं टोक मुठीत घेऊन ती दादाकडे वळली. तो वाट बघत होता, पण नजर जमिनीकडे ठेवून, घाई दिसू नये म्हणून.

"दादा," ती म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना फोन कर. आजच या म्हणावं, उजेड आहे तोवर. मी धरते हिला."